तबकडीवरील जादा फाइली : ग्राहकाला त्या कशा शोधून द्याव्यात

वस्तू विकणे हे दुकानदाराचे अर्धे काम होय. विकलेली वस्तू ग्राहकाच्या घरी उपयोगात येते की नाही हे पाहणे, हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्याचे पैसे मिळतात म्हणून ते आपण मनापासून करतो. दुसऱ्याचे मिळत नाहीत, म्हणून ते बहुधा राहून जाते. गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या तबकड्यांच्या बाबतीत हे दुसरे काम किती राहून गेले, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतलेला आहे, म्हणून हा लेख.

सुमारे २००५ सालची गोष्ट. मी तेव्हा बेळगावच्या बाजारपेठेतील एका दुकानात काउंटरवर बसत असे. एक निवृत्त शिक्षक अभंगांची एक तबकडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, "अहो, कव्हरवर 'शब्दांसह' असे छापले आहे. ते शब्द आहेत कुठे? आमच्या घरातील मंडळींना आता ऐकू कमी येते. शब्द समोर असले म्हणजे त्यांना गाणे कळते. म्हणून तर ही घेतली." आम्ही तबकडी दुकानातल्या यंत्रावर लावली. गाणी स्वच्छ वाजली. शब्द काही दिसले नाहीत. आम्ही ती बदलून दिली. दुसरीचेही तेच झाले. शेवटी मालकांनी पैसे परत केले, आणि छापखान्याची चूक असेल असे सांगून आम्ही मोकळे झालो.

चार महिन्यांनी तीच तबकडी हिशेबाच्या संगणकात सहज घातली, आणि पडद्यावर एक फोल्डर उघडले. त्यात सर्व अभंगांचे शब्द, मोठ्या अक्षरांत, सुबक मांडलेले होते! चूक छापखान्याची नव्हती, तबकडीची नव्हती; आमच्या अज्ञानाची होती. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगेन. प्रथम हे शब्द तबकडीवर असूनही दिसत का नव्हते, ते पाहू.

एक तबकडी, दोन खोल्या

सीडी नावाची तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर मध्यापासून कडेकडे जाणारी एकच नागमोडी नव्हे, तर चक्राकार वाट असते. ती उलगडली तर जवळजवळ पाच किलोमीटर भरेल. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली तिचे नियम ठरविले व १९८२ च्या ऑक्टोबरात ती प्रथम जपानमध्ये विक्रीस आली. त्या वेळी ती केवळ गाण्यांसाठी होती. पुढे संगणकासाठी माहिती साठविणारी सीडी निघाली आणि १९८८ साली फाइलींच्या मांडणीचा एक आंतरराष्ट्रीय नियमही ठरला.

मग साहजिकच असे वाटू लागले की, गाणी आणि फाइली एकाच तबकडीवर का असू नयेत? आरंभी फाइली पहिल्या क्रमांकाला व गाणी त्यांच्या मागे अशी रचना करून पाहिली गेली. परंतु साधे वादनयंत्र पहिल्या क्रमांकालाही गाणेच समजे व कर्कश खरखर ऐकवी. यावर तोडगा म्हणून १९९५ साली निराळी पद्धत ठरली. तिच्यात तबकडीचे दोन भाग किंवा दोन सत्रे असतात: पहिल्या सत्रात गाणी, दुसऱ्यात फाइली. घरातील वादनयंत्राला पहिल्या सत्रापलीकडे काही आहे याची वार्ताच नसते. संगणक मात्र शेवटच्या सत्रापर्यंत जातो आणि तेथील फाइली त्याला दिसतात.

समजुतीसाठी दोन खोल्यांचे घर डोळ्यांपुढे आणावे. वादनयंत्र हा ओसरीवरचा पाहुणा. तो बाहेरच्या खोलीतून चहा घेऊन परत जातो. संगणक हा घरचा माणूस. तो माजघरापर्यंत जाऊ शकतो. पाहुण्याला माजघर दिसले नाही, म्हणून घराला माजघरच नाही असे आपण म्हणत नाही. आम्ही त्या शिक्षकांना नेमके तेच सांगितले होते.

अशी तबकडी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तिची चकचकीत बाजू उजेडात तिरपी धरावी. फाइलींचे सत्र निराळे असेल तर पुष्कळदा दोन वलये व त्यांच्यामध्ये एक बारीक रेघ दिसते. रेघ दिसली की माजघर आहे असे समजावे.

चित्रपटाच्या तबकडीतील पोटखण

डीव्हीडीची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात निराळे सत्र नसते. सर्व काही फोल्डरांत असते. चित्रपट 'व्हिडिओ टीएस' या नावाच्या फोल्डरात ठेवण्याचा नियम आहे. त्याच्या शेजारी पुष्कळदा 'ऑडिओ टीएस' हे फोल्डर असते व ते बहुधा रिकामेच असते. टीव्हीला जोडलेले यंत्र पहिल्या फोल्डरात जाऊन चित्रपट दाखविते व शेजारी आणखी फोल्डरे असली तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नाटकाची संहिता, छायाचित्रे, मुलाखतीचा मजकूर, भिंतीवर लावावयाची चित्रे अशा जादा फाइली या इतर फोल्डरांत ठेवलेल्या असतात.

येथे एक खुलासा अवश्य आहे. चित्रपटाच्या यादीतून रिमोटने निवडावयाचे 'बोनस' प्रसंग निराळे, आणि संगणकावर उघडावयाच्या जादा फाइली निराळ्या. पहिले टीव्हीवर दिसतात; दुसऱ्या कधीच दिसत नाहीत. ग्राहक कोणत्या बोनसबद्दल विचारीत आहे हे आधी समजून घेतले नाही, तर दोघेही बराच वेळ दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत राहतात.

विंडोजचा संगणक

तबकडी संगणकात घातली म्हणजे काम झाले असे नाही. संगणक फार तत्पर असतो, आणि ही तत्परताच येथे आड येते. गाणी दिसताच तो गाणी वाजविणारा कार्यक्रम उघडतो; चित्रपट दिसताच चित्रपट सुरू करतो. ग्राहकास वाटते, "येथेही तेच!" आणि तो तबकडी काढून ठेवतो.

यावर उपाय असा. सुरू झालेला कार्यक्रम बंद करावा. जुन्या संगणकावर 'माय कॉम्प्युटर' व अलीकडच्या संगणकावर 'धिस पीसी' उघडावे. तेथे तबकडीच्या ड्राइव्हचे चित्र दिसेल. त्यावर दोनदा टिचकी मारू नये, कारण तसे केल्याने बहुधा पुन्हा गाणेच सुरू होते. त्याऐवजी माऊसचे उजवे बटन दाबावे व येणाऱ्या यादीतून 'ओपन' निवडावे. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या संगणकावर 'एक्सप्लोअर' निवडावे. म्हणजे तबकडी वाजविली जात नाही, उघडली जाते. ग्राहकाला टेलिफोनवर मदत करताना माझा निम्मा वेळ 'उजवे बटन' हे दोन शब्द समजाविण्यात जाई. पण ते समजले की उरलेले काम एका मिनिटाचे असे.

विंडोज ८ या २०१२ सालच्या आवृत्तीपासून डीव्हीडी चित्रपट दाखविण्याची सोय विंडोजबरोबर आपोआप मिळेनाशी झाली. त्यामुळे कित्येकांची समजूत होते की, चित्रपट लागत नाही त्या अर्थी तबकडी बिघडली. चित्रपट न दिसणे आणि फाइली न दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उजव्या बटनाने उघडल्यास फाइली तेथेच सापडतात. आणि चित्रपटासाठी व्हीएलसीसारखा मोफत कार्यक्रम पुरतो.

मॅकचा संगणक

ॲपल कंपनीच्या मॅक संगणकावर दोन सत्रांची सीडी घातली तर पडद्यावर तिची दोन चित्रे उमटतात: एक गाण्यांचे, दुसरे फाइलींचे. ग्राहक पहिले उघडतो व दुसऱ्याकडे त्याचे लक्ष जात नाही. म्हणून "चित्रे किती दिसतात?" हा प्रश्न प्रथम विचारावा. एकही दिसत नसेल तर ती दाखविण्याची सोय बंद केलेली असते. 'फाइंडर'च्या सेटिंगमध्ये 'जनरल' या सदरात सीडी-डीव्हीडी दाखविण्याची खूण करावी. चित्रपट आपोआप सुरू झाला तर तो कार्यक्रम बंद करून तबकडीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारावी. येथे उजव्या बटनाची गरज पडत नाही.

मॅकसंबंधी आणखी एक अडचण पुष्कळांना चकविते. १९९० नंतरच्या काही वर्षांत एकाच तबकडीवर विंडोजसाठी एक व मॅकसाठी दुसरी अशा दोन मांडण्या करीत. प्रत्येक संगणकाला आपापलीच मांडणी दिसे. त्यामुळे एकाच तबकडीबद्दल दोन ग्राहक दोन गोष्टी सांगत, आणि दोघेही खरेच सांगत असत! मॅकची ती जुनी मांडणी वाचण्याची सोय २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आली. तेव्हा केवळ मॅकसाठी बनविलेली जुनी तबकडी आजच्या मॅकवर उघडली नाही, तर ती फेकून देऊ नये. जुना मॅक किंवा लिनक्सचा संगणक ती बहुधा वाचतो.

लिनक्सवर फाइलींचा कार्यक्रम उघडला की बाजूच्या यादीत तबकडीचे नाव येते. दोन नावे आली तर एक गाण्यांचे व एक फाइलींचे असे समजावे.

ज्या संगणकाला तोंडच नाही

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांना तबकडी घालण्याची जागाच नसते. ॲपलने २००८ साली असा पातळ लॅपटॉप काढला आणि पुढे इतरांनीही तीच वाट धरली. अशा वेळी यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा. घेताना तो डीव्हीडीचा आहे हे पाहावे. सीडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटरचा, तर डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा असतो. म्हणून डीव्हीडीचा ड्राइव्ह सीडीही वाचतो, पण निव्वळ सीडीचा जुना ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही. "संगणकात घातली, पण काहीच दिसत नाही" या तक्रारीचे मूळ कित्येकदा एवढेच असते. मोबाइलवरच पाहावयाचे असेल, तर फाइली आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात व मग मोबाइलवर पाठवाव्यात.

फाइल सापडली, पण वाचता येईना

येथे मराठी ग्राहकांची खास अडचण येते. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई. ते टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवीत. तो टंक संगणकात नसेल तर अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसतो. ग्राहक म्हणतो, "फाइल खराब झाली." ती खराब नसते, केवळ लिपीचा चष्मा हरवलेला असतो. अशा वेळी तबकडीवरच 'फॉन्ट्स' नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे. असल्यास त्यातील टंक संगणकात बसविताच मजकूर वाचता येतो. नसल्यास जुन्या टंकाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. मजकूर पीडीएफ स्वरूपात असेल तर ही अडचण सहसा येत नाही, कारण टंक बहुधा फाइलीतच गुंडाळलेला असतो.

नावांचाही असाच घोटाळा होतो. फाइलींच्या मांडणीचा मूळ नियम कडक होता: नाव आठ इंग्रजी अक्षरांत, पुढे तीन अक्षरांचे शेपूट. मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या सुमारास लांब नावांची सोय केली. तरीही जुन्या तबकड्यांवर सर्व अक्षरे मोठी व नाव अर्धवट कापलेले आढळते. असले नाव पाहून ही संगणकाची काही अंतर्गत फाइल असावी असे समजू नये, उघडून पाहावी.

काही तबकड्यांत जादा फाइली पाहण्यासाठी एक चित्रमय यादी असे व ती आपोआप सुरू होई. यादी बनविणारी साधने आता जुनी झाली. त्यांपैकी फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. आणि विंडोजचे अतिजुने सोळा बिटी कार्यक्रम आजच्या चौसष्ट बिटी विंडोजवर चालत नाहीत. यादी उघडली नाही तरी हिरमुसू नये. यादी म्हणजे दरवाजा; सामान आत फोल्डरांत असते. उजव्या बटनाने आत जाऊन एकेक फोल्डर पाहावे. छायाचित्रे व मजकूर सहसा सरळ उघडतात.

आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल सावधगिरीही हवी. सोनी बीएमजी या कंपनीच्या काही गाण्यांच्या तबकड्या ग्राहकाच्या संगणकात त्याला न कळविता एक छुपा कार्यक्रम बसवीत, हे २००५ साली उघडकीस आले आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या. म्हणून अनोळखी तबकडी घालताना विंडोजवर 'शिफ्ट' हे बटन दाबून धरावे. म्हणजे काहीही आपोआप सुरू होत नाही आणि आपण आपल्या मर्जीने आत पाहू शकतो.

विचारावयाचे चार प्रश्न

तबकड्यांची दुकाने आता फारशी उरली नाहीत, पण ग्राहक उरला आहे. तो झेरॉक्सच्या दुकानात, संगणक दुरुस्तीच्या दुकानात, किंवा आपल्याच नातवाकडे जुनी तबकडी घेऊन येतो. त्याला मदत करणाऱ्याने "काही नाही त्यात" असे म्हणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.

पहिला : कव्हरवर नेमके काय छापले आहे? जादा भाग टीव्हीवर पाहावयाचा की संगणकावर, हे तेथेच बारीक अक्षरांत बहुधा दिलेले असते.

दुसरा : तबकडी कोणत्या यंत्रात घातली? वादनयंत्रात, टीव्हीखालच्या यंत्रात की संगणकात? संगणक असल्यास विंडोज की मॅक?

तिसरा : घातल्यावर काय झाले? गाणे सुरू झाले, चित्रपट लागला, अगम्य अक्षरे आली की काहीच झाले नाही? या चार उत्तरांची कारणे चार आहेत व उपायही चार आहेत.

चौथा : दुसऱ्या एखाद्या संगणकावर पाहिली का? एका यंत्राने नाही म्हटले म्हणजे तबकडीने नाही म्हटले असे होत नाही.

एवढे करूनही फाइल दिसली नाही, तरच तबकडीकडे संशयाने पाहावे. ती मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये. सीडीवरील छापील बाजूला अधिक जपावे. चकाकणारा थर त्या बाजूलाच अगदी वर असतो व तेथील ओरखडा भरून येत नाही.

आणि फाइल सापडली की तेथेच थांबू नये. संपूर्ण तबकडीची नक्कल संगणकावर करावी व दुसरी आणखी एखाद्या ठिकाणी ठेवावी. घरी 'जाळलेल्या' तबकडीवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन व उष्णता यांनी तो थर खराब होतो. लग्नाची छायाचित्रे, आजोबांचे भाषण, कुणाच्या हस्ताक्षराची प्रत अशा गोष्टी पुष्कळ घरांत अशाच एका तबकडीवर आहेत, आणि गाणी वाजतात म्हणून शेजारच्या फाइली कुणी उघडूनही पाहिलेल्या नाहीत. ड्राइव्ह मिळतात तोवर हे काम उरकणे शहाणपणाचे होय.

आता त्या शिक्षकांविषयी. फाइल सापडली त्याच दिवशी मी ते शब्द मोठ्या अक्षरांत छापून घेतले आणि रात्री त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचले, पाने आत नेऊन दिली आणि बाहेर येऊन बसले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, शब्द संगणकात दिसतात एवढे सांगितले असते, तर संगणक मी कुठूनही शोधला असता. तुम्ही शब्दच नाहीत म्हणालात, म्हणून मी शोधायचे सोडले."

आत कुणीतरी हळू आवाजात, शब्दांवर बोट ठेवून वाचावे तसे, पहिला अभंग म्हणू लागले होते. चार महिने तो त्या घरात यावयास हवा होता. त्या दिवसापासून, स्वतः पाहिल्यावाचून ग्राहकाला "नाही" म्हणावयाचे नाही, एवढा नियम मी पाळीत आलो आहे.